एका कानात भैरू

पुणे, ९ जानेवारी २०००

दत्तप्रसाद,

बोट लावताच हे कोणाचं पत्र आहे ते तुला कळलं असेल. ब्रेलचे ठिपके कागद फाटेपर्यंत उठवणारी या जगात एकच बाई आहे, असं तू म्हणायचास. आपल्या अंध-केंद्रातलं ब्रेलचं टंकयंत्र आता फार म्हातारं झालं आहे. त्याला जोर द्यावाच लागतो. शाईने लिहिलं असतं तर उत्कर्षाला ते तुला वाचून दाखवावं लागलं असतं. बहिणीने भावाला लिहिलेलं भावजयीने मोठ्याने वाचावं, हे मला पसंत नाही. तिला हे सांगू नकोस.

तू गेल्यापासून तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही. तो विषय इथेच संपला. कामाचं लिहिते.

प्रियदर्शनी वासनिक तुला आठवत असेल. तू बंगळूरला गेलास तेव्हा ती केंद्रात नवी होती. वर्ध्याकडची, वाघोलीला राहणारी, टाइप करताना गुणगुणणारी. तू तिला ‘विविध भारती’ म्हणायचास. आज केंद्रात तिच्याइतकं जलद कोणी टाइप करत नाही. खराडीला एक नवी कंपनी निघाली आहे. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाले की जे काही सांगायचं ते बोलून ठेवतात. ते बोलणं संगणकावर इथे येतं आणि इथल्या मुली ऐकून टाइप करतात. कंपनीने प्रियदर्शनीला चाचणीसाठी बोलावलं आहे. याआधी त्यांनी एकाही अंध मुलीला बोलावलेलं नाही.

तिच्या वडिलांचा कारखाना मार्चअखेर बंद होतो आहे. घरातली मंडळी वर्ध्याला परत जाणार. नोकरी लागली तर ही धाकट्या बहिणीला घेऊन वाघोलीतच राहील. नाही लागली तर काकांच्या घरी जाऊन बसेल. मी म्हटलं, “काका वाईट आहेत का?” तर म्हणाली, “नाही जी ताई, लय चांगले आहेत. चहासुद्धा हातात आणून देतील. तेच तर.”

आता अडचण. तुमच्या बंगळूरच्या कंपनीने सगळ्या केंद्रांना पाठवलेलं, स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मी नव्या संगणकावर घालून घेतलं. आवाज गुळगुळीत आहे, विमानतळावरच्या बाईसारखा. एरवी स्क्रीनवरचं वाचतोही नीट. पण डॉक्टरचं बोलणं लावलं की तुमचा वाचक मुका होतो, आणि वाचक बोलू लागला की डॉक्टर थांबतो. तुमचा वाचक संगणकाच्याच घशातून बोलतो आणि डॉक्टरही त्याच घशातून. घसा एक आणि बोलणारे दोन. आपण काय टाइप केलं ते ऐकू येत नसेल तर मुलीने टाइप करायचं कसं?

आपल्या जुन्या बोलक्या डब्याला, भैरूला, स्वतःचा घसा आहे. संगणकाच्या मागे तार लावली की स्क्रीनवरची अक्षरं डब्यात जातात आणि डबा स्वतःच्या स्पीकरमधून बोलतो. इअरफोन लावला तर फक्त लावणाऱ्याला ऐकू येतं. एका कानात डॉक्टर, दुसऱ्या कानात भैरू. हे डबे भंगारात घाला, असं तूच विश्वस्तांना सांगितलं होतंस. मी घातले नाहीत, याची नोंद घे.

पण तीन डब्यांपैकी दोन गेले. उरला तो घोगऱ्या आवाजाचा, मुलांनी ज्याला भैरू नाव दिलं तोच. दिवाळीत वीज कमीजास्त झाली तेव्हापासून तोही गप्प आहे. डबे बनवणारी इंग्लंडची कंपनी आता पत्राला उत्तर देत नाही. हे डबे आजवर फक्त तूच उघडलेस. कसा उघडायचा आणि आत कुठे हात लावायचा नाही, एवढं कळव.

नंदा


पुणे, २४ जानेवारी २०००

दत्तप्रसाद,

कॅसेट मिळाली. निम्मी तू घसा खाकरण्यात घालवली आहेस. सर्दी असेल तर काढा घे.

डबा उघडण्याची माहिती मात्र चोख होती. तपकीर गल्लीत नागोराव म्हणून एक रेडिओ दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्याकडे भैरूला आणि तुझ्या कॅसेटला घेऊन गेले. त्यांनी तुझं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं, आत काहीतरी बदललं आणि तार जोडली. भैरू बोलला तसे म्हणाले, “बाई, याला खडीसाखर चघळायला द्या. वीज ठीक आहे, घसाच बसलाय.” दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मी हसले नाही. तिथे मी कामाला गेले होते.

आता तुझ्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते. तू म्हणालास, “ताई, तू अजून टेलिफोन एक्स्चेंजच्या खुर्चीतून उठलेलीच नाहीस. तुला सगळीकडे तारा आणि खुंट्याच लागतात. संगणकात दुसरं साउंड कार्ड बसव. एकावर डॉक्टर बोलेल, एकावर आमचा आवाज. तुझा डबा आणखी किती वर्षं ओढणार आहेस? उद्या अशी मशिनं येतील की त्यांना मागे भैरूची तार घुसवायला भोकच नसेल.”

एक्स्चेंजच्या खुर्चीत बसूनच मी तुझं शिक्षण केलं, हे तू विसरला असशील. पण मुद्दा मुद्दा असतो. मी खराडीला फोन केला. तिथले व्यवस्थापक रोहन गुजर नावाचे एक गृहस्थ आहेत. गृहस्थ म्हणजे पोरगाच आहे. ते म्हणाले, “मॅडम, बेसिकली मशीन ओपन करायची परमिशन हेड ऑफिसकडून लागते. त्यात दोन-तीन महिने जातील. तुमचा बॉक्स बाहेरून लागतो ना? एक फ्लॉपी टाकली की झालं ना? मग नो इश्यू.”

म्हणजे दुसरं कार्ड नाही. मार्च संपायच्या आत दोन-तीन महिने कुठून आणू? भैरूच जाणार.

मुलीचा सराव जोरात चालू आहे. डाव्या कानात डॉक्टर, उजव्यात भैरू. पहिले काही दिवस डोकं धरून बसायची. “ताई, दोन सासवा एकाच वेळी बोलून राहिल्या आहेत जी.” आता तिला सवय झाली आहे. भैरूच्या मागची वेगाची खुंटी तिने शेवटपर्यंत फिरवली आहे. मला ते पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं ऐकू येतं. मी विचारलं, “यातलं तुला कळतं तरी का?”

म्हणाली, “तुम्ही वर्तमानपत्र अक्षर लावत-लावत वाचता का ताई?”

अतिशहाणपणाला मी उत्तरं देत नाही, हे तुला ठाऊक आहे.

चाचणी तीन फेब्रुवारीला आहे. मी बरोबर जाणार आहे. कॅसेटच्या अगदी शेवटी तू म्हणालास, “ताई, तू जाऊ नकोस. तिला एकटीला जाऊ दे.” कारण दिलं नाहीस. मीही विचारत नाही. डबा केंद्राचा आहे आणि केंद्र माझ्यावर आहे.

नंदा


पुणे, ५ फेब्रुवारी २०००

दत्तप्रसाद,

चाचणी झाली. निकाल चांगला नाही.

भैरू उत्तम चालला. खोलीत सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला. रोहन गुजर म्हणाले, “व्हेरी क्लिअर, मॅडम. आम्हाला वाटलं नव्हतं.” त्यांच्याबरोबर एक बाई होत्या. त्यांनीही वही बाजूला ठेवून कौतुकाने ऐकलं. डबा कसा चालतो ते मी दोघांना सविस्तर सांगितलं. त्यांनी चांगले प्रश्न विचारले आणि मी चांगली उत्तरं दिली. माणसं नीट आहेत.

मुलगीच डगमगली. एवढा सराव, एवढे पाठ केलेले शब्द, आणि दिलेल्या वेळात निम्मा मजकूरही झाला नाही. झाला त्यातही वाक्यं गाळलेली. मध्येच हात थांबवून बसायची. मला वाटतं, तिच्यात अजून धीर आलेला नाही. नवी जागा, नवी माणसं, त्यामुळे घाबरली असेल. केंद्रात बसून सगळेच शूर असतात.

परत निघताना खराडीच्या थांब्यावर वाघोलीची बस आली. गर्दी होती म्हणून मी तिच्या दंडाला धरून तिला पुढे केलं. तिने दंड सोडवून घेतला आणि स्वतःच दांडा शोधून चढली. मागे वळून ‘येते’ सुद्धा म्हणाली नाही. आजकालच्या मुलींना हे शिकवावं लागतं.

काल आणि आज केंद्रात आलेली नाही. कंपनीला मी आभाराचं पत्र टाकलं आहे. पुढच्या वर्षी एखादी अधिक धीट मुलगी तयार करता येईल.

तू विचारशील म्हणून लिहिते. दुसरं साउंड कार्ड असतं तरी हेच झालं असतं.

नंदा


पुणे, १६ फेब्रुवारी २०००

दत्तप्रसाद,

परवा तुझा फोन आला, आणि मी तो मध्येच ठेवला. फोन ठेवण्याची मला सवय नाही. बावीस वर्षं लोकांचे कॉल जोडण्यात गेली माझी. तेव्हा फोनवर जे राहिलं ते लिहून पुरं करते.

तू एवढंच विचारलंस, “भैरूचा वेग किती होता?”

मी म्हटलं, “साहेबांना कळेल इतका.”

“आणि इअरफोन?”

मी म्हटलं, “त्यांना ऐकायचं होतं.”

मग तू म्हणालास, “परत तेच, ताई?” आणि मी फोन ठेवला.

म्हणजे प्रियदर्शनीने तुला बंगळूरला फोन करून सगळं सांगितलं आहे. मला सांगितलं नाही. तर मग माझ्या तोंडूनही ऐक.

रोहन गुजर म्हणाले, “हा काय बोलतोय, आम्हाला पण ऐकू द्या ना.” ती तोवर टाइप करू लागली होती. मी भैरूचा इअरफोन उपसला, म्हणजे तो स्पीकरवर बोलू लागला. मग ते म्हणाले, “हे तर काहीच कळत नाही.” मी खुंटी मागे आणली. खूप मागे. भैरू बालवाडीतल्या बाईसारखा एकेक शब्द सावकाश म्हणू लागला. साहेब खूश झाले. तिच्या एका कानात डॉक्टर त्याच्या वेगाने पळत होता. दुसरा कान उघडा होता, आणि त्यात सावकाश भैरू, साहेबांचे प्रश्न आणि माझी उत्तरं. तिने एकदा मान माझ्याकडे वळवली होती. मला वाटलं, कौतुक ऐकून वळवली.

दोन प्रश्न तर तिला विचारलेले होते. त्यांचीही उत्तरं मीच दिली.

माझं म्हणणं असं, की नोकरी देणाऱ्याला आपली वस्तू कळली पाहिजे. न कळलेल्या वस्तूवर कोणी विश्वास ठेवत नाही. देणगीदार आले होते त्या दिवसाबद्दल मी इथे लिहिणार नाही. तेव्हाही तू भैरू लावून काम दाखवत होतास, आणि ऐकणाऱ्यांना कळावं म्हणूनच मी खुंटी फिरवली होती. तू टेबलावरून उठून गेलास, तो तुझा निर्णय. ही ओळ चपटी करावी असं वाटतं. पण दाबलेला ठिपकाही तुझ्या बोटाला कळतो, तेव्हा राहू दे.

आता खरी बातमी. काल प्रियदर्शनी आली. माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

“ताई, मी खराडीला जाऊन आले.”

“कोणाबरोबर?”

“बसबरोबर.”

मग तिने सांगितलं. रोहन गुजरांची वाट बघत ती गेटवर बसली होती. ते जेवायला बाहेर पडले तेव्हा तिने त्यांना थांबवलं. म्हणाली, “साहेब, त्या दिवशी तुम्ही डब्याची चाचणी घेतली. डबा पास झाला. माझी चाचणी राहून गेली आहे.” त्यांना हसू आलं म्हणे. पण तारीख दिली. बावीस फेब्रुवारी. आणि ही शेवटची, असंही म्हणाले. त्यानंतर जागा भरणार.

मी म्हटलं, “ठीक. किती वाजता निघायचं?”

“तुम्ही नका येऊ असंच म्हणणार होते जी. पण डबा केंद्राचा, तर केंद्राचं माणूस सोबत हवं, असा त्यांच्या गेटवरचा नियम आहे. म्हणून तुम्ही या. डबा आणा. पण आत बोलायचं नाही.”

“विचारलं तर?”

“तरी नाही. माझं काही चुकून राहिलं असं दिसलं, तरी नाही. खोकायचं पण नाही, ताई. तुमचा खोकला मला ओळखू येतो.”

केंद्रातल्या बाकीच्या मुली टाइप करायच्या थांबल्या होत्या. माझ्याशी असं कोणी बोललं तर मी काय करते ते तुला माहीत आहे.

मी ‘बरं’ म्हटलं.

नंदा


पुणे, २३ फेब्रुवारी २०००

दत्तू,

काल जे झालं ते जसं झालं तसंच लिहिते. मध्ये माझं मत घालणार नाही. घातलंच तर सोडून दे.

ती वाघोलीहून खराडीच्या थांब्यावर आली, मी पुण्याहून भैरूला पिशवीत घालून पोचले. रस्ता ओलांडायचा होता. मी तिच्या दंडाकडे हात नेला. ती म्हणाली, “ताई, कोपर द्या. मी धरते.” मी कोपर पुढे केलं. तिने दोन बोटांनी हलकंच धरलं आणि अर्धं पाऊल मागून चालू लागली. मी वळले की ती वळायची, मी थांबले की थांबायची. ओढणं नाही, ढकलणं नाही. म्हणाली, “दत्तूदादांनी शिकवलं होतं. धरणारा आपण असलो तर सोडता पण येतं.” ही गोष्ट तू मला कधी शिकवली नाहीस. शिकवली असशील तर मी ऐकली नाही.

आतली खोली तीच. रोहन गुजर आणि त्या बाई. संगणकामागे तार तिनेच चाचपून लावली. फ्लॉपीही तिनेच घातली. खुंटी शेवटपर्यंत फिरवली. उजव्या कानात भैरूचा इअरफोन आणि डाव्या कानावर कंपनीच्या हेडफोनचा एक कप. पायाखाली पेडल. पाय दाबला की डॉक्टर बोलतो, उचलला की थांबतो. मला भिंतीशी खुर्ची दिली होती. तिथून स्क्रीन पूर्ण दिसत होती. न दिसती तर बरं झालं असतं.

ती सुरू झाली. दत्तू, काय वेग होता! अक्षरं स्क्रीनवर धावत होती. रोग्याचं पोट, रोग्याचं यकृत, औषधांची ती लांबलचक नावं. गुजर पुढे वाकून बघत होते. अर्ध्याच्या जरा पुढे गेली असेल, आणि स्क्रीनच्या मधोमध एक राखाडी चौकोन उगवला. त्यांच्या मशीनवर व्हायरस शोधणारं काहीतरी आहे, त्याची सूचना. खाली एक बटण. भैरू जुना आहे, असले चौकोन त्याला वाचता येत नाहीत. तो गप्प झाला असणार. ती टाइप करत होती ती अक्षरं कुठेच उमटेनात. पाय पेडलवर दाबलेलाच होता, म्हणजे डॉक्टर मात्र बोलत होता.

तिची बोटं थांबली.

मला दिसत होतं सगळं. तिला एका शब्दाची गरज होती आणि तो माझ्याजवळ होता. ‘चौकोन’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. खोकले असते तरी काहीतरी आहे एवढं कळलं असतं. मी पिशवीचे बंद इतके घट्ट धरले की हाताला वळ उठले. आज सकाळीही ते दिसत आहेत. घड्याळ चालू होतं. वेळ कापली जात होती ती तिची. नोकरी जात होती ती तिची. आणि मला वाटत होतं की माझ्या गप्प राहण्याने जाते आहे. बावीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसले, पण एखादी लाइन तुटताना बघून मी कधी हात बांधून बसले नाही.

गुजरांनाही चौकोन दिसला. त्यांनी तोंड उघडलं, “अगं, तिथे एक—”

मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं रात्रपाळीला डुलक्या घेणाऱ्या मुलींकडे बघायची. ते गप्प झाले.

तिने आधी पाय उचलला. डॉक्टर थांबला असणार, कारण तिने मान किंचित हलवली. पुन्हा पाय दाबला. पुन्हा उचलला. मग उजवा हात कीबोर्डवरून काढून भैरूच्या पाठीवर ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. थोडा वेळ तशीच राहिली. आणि दत्तू, ती हसली. हात परत आणून तिने कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं, मध्ये आलेलं हटवणारं बटण दाबलं. चौकोन गेला. भैरूने तोंड उघडलं असणार, कारण लगेच तिने डॉक्टरला एक वाक्य मागे नेलं, हरवलेले शब्द पुन्हा टाइप केले, आणि गाडी सुटली. घड्याळ थांबायच्या आत मजकूर पुरा झाला. मागे जाऊन एकदा तपासूनही झाला.

गुजर खुर्चीवरून उठले ते थेट माझ्याकडे आले. तिच्याकडे नाही. “मॅडम, हिला कळलं कसं? स्क्रीनवर पॉप-अप होता. बॉक्स तर बोलला नाही. हिने नेमकं काय केलं?”

दहा वर्षं मी हे प्रश्न झेलत आले आहे. उत्तर जिभेवर होतं. खरं तर नव्हतं, पण मी ते बनवलं असतं.

मी म्हटलं, “तिला विचारा.”

काल दिवसभरात त्या इमारतीत मी उच्चारलेले हे दोनच शब्द.

ते वळले. मला वाटतं, तिला विचारून तिच्याच तोंडून उत्तर ऐकायची त्यांची ती पहिलीच वेळ होती. गेटवर तीच बोलली होती. तिने सांगितलं, “साहेब, पायाखाली डॉक्टर चालू-बंद होऊन राहिला होता, म्हणजे मशीन मेली नव्हती. भैरू गरम होता, म्हणजे तो पण मेला नव्हता. दोघं जिवंत, आणि मध्येच बोलणं बंद. म्हणजे दोघांच्या मध्ये कोणीतरी येऊन उभं राहिलं असणार. त्याला बाजूला केलं.”

“आणि मशीनच हँग झाली असती तर?”

“तर डॉक्टर थांबला नसता माझ्या पायानं. मग मी तुम्हालाच हाक मारली असती, साहेब. तेवढं कळतं मला.”

त्या बाई मोठ्याने हसल्या. गुजर हसले नाहीत, ते विचार करत होते. ते मला बरं वाटलं.

निकाल अजून कळलेला नाही. दहा दिवसांत कळवतो म्हणाले. दोन कार्डं असती तर भैरूच्या जागी तुमच्या आवाजाला हे जमलं असतं की नाही, ते तू सांग. मी हे वाद म्हणून विचारत नाही. मला खरंच माहीत नाही.

ताई


पुणे, १४ मार्च २०००

चि. दत्तू,

तुझी कॅसेट ऐकली. या वेळी खाकरला नाहीस. आमच्या आवाजाला ते जमलं असतं, पण तिला उशिरा कळलं असतं, असं तू म्हणालास. प्रामाणिकपणे म्हणालास म्हणून पुढचं लिहायला सोपं झालं.

प्रियदर्शनीला नोकरी लागली. पत्र तिच्या घरी आलं. तिच्या धाकट्या बहिणीने वाचलं आणि मग दोघी केंद्रात आल्या. बहिणीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली तशी प्रियदर्शनी म्हणाली, “हळू वाच गं, ताईंना कळलं पाहिजे.” सगळ्या मुली खिदळल्या. मीही हसले. तुला कोणीतरी सांगेलच, म्हणून आधी मीच सांगते.

सोमवारपासून ती जाते आहे. तिचे आई-वडील महिनाअखेर वर्ध्याला निघतील. दोघी बहिणी वाघोलीतच राहतील. काकांनी निरोप पाठवला आहे की चहा प्यायला तरी या. भैरू तिच्याच टेबलावर ठेवला आहे. केंद्राची वस्तू बाहेर ठेवण्याबद्दल विश्वस्तांना मी सांगून टाकलं आहे. विचारलं नाही.

आता तुझा मुद्दा. काल गुजरांनी मला बोलावून नवी मशिनं दाखवली. जूनमध्ये सगळी जुनी बदलणार आहेत. मी मागच्या बाजूला वाकून बघितलं. भैरूची तार बसेल असं भोक एकाही मशीनला नाही. तू म्हणाला होतास तसंच. मी त्या मशीनमागे जरा जास्त वेळ वाकलेली राहिले. गुजरांना वाटलं पाठ धरली. त्यांनी खुर्ची आणवली.

हेड ऑफिसने दुसऱ्या कार्डाला मंजुरी दिली आहे. तुमचं सॉफ्टवेअरही घेणार आहेत. पण अट अशी, की ते आतून जाणणाऱ्या माणसाने काही दिवस येऊन तिच्याशेजारी बसावं आणि ते नीट लावून द्यावं. गुजरांनी मला विचारलं, कोणाला बोलवायचं? मी म्हटलं, तिला विचारा. आता ही मला सवयच लागली आहे. ती म्हणाली, “दत्तूदादांनाच बोलवा. दुसरा कोणी आला तर मलाच शिकवत बसेल.”

तेव्हा कंपनीचं बोलावणं तुला येईलच. ते कामाचं. हे पत्र माझं.

मे महिन्यात ये. उत्कर्षालाही आण. तिला ब्रेल येत नाही, म्हणून या पाकिटात शाईने लिहिलेली एक चिठ्ठी वेगळी घातली आहे. ती तिची आहे. वाचून दाखव म्हणून तिच्या मागे लागू नकोस.

तुझी खोली झाडून घेतली आहे. टेबल हलवलेलं नाही. खुर्ची मात्र खिडकीकडे सरकवली होती, ती परत जागेवर ठेवली, म्हणजे तू अडखळणार नाहीस.

गाडीची वेळ कळव. स्टेशनवर मी येईन. डब्यापाशी उभी राहून एकदाच तुझं नाव घेईन. दंडाला धरणार नाही. हमालाशी तुझ्या वतीने बोलणार नाही. एका बाजूला उत्कर्षा असेलच. दुसऱ्या बाजूला मी कोपर पुढे करून उभी असेन. धरायचं की नाही, ते तू बघ.

ताई